बाहुलीची पुस्तकं

“बाहुल्या! चोपन्न वर्षांच्या पुरुषाच्या कपाटात अस्कीं बाहुल्या! एक देवाचं पुस्तक नाही, एक धड नवी वेष्टी नाही, अस्कीं बाहुल्या!”

ओरडत होती ती आत्या. माझ्या वडिलांची थोरली बहीण. वय चौऱ्याऐंशी, दात तीन, आणि आवाज असा की आमच्या तंजावूरच्या मेल वीदीतून, म्हणजे पश्चिमेच्या रस्त्यावरून, निघाला तर मोठ्या देवळाच्या गोपुराला आपटून परत यावा. त्या दिवशी गोपुरावरचे पोपट एकदम उडाले असं मी सगळ्यांना सांगते. पोपट तिथं रोजच उडतात. पण त्या दिवशी ते आत्यामुळं उडाले, याबद्दल मी कुणाशीही पैज लावीन.

झोपाळ्यावर बसून ती ओरडत होती आणि अम्मा, म्हणजे माझी आई, खाली जमिनीवर बसून ऐकत होती. अण्णाला, माझ्या थोरल्या भावाला, जाऊन महिना झाला होता. सकाळी मासिक श्राद्ध उरकलं, भटजी जेवून गेले, आणि दुपारी अम्मानं पहिल्यांदा त्याच्या खोलीतला बीरो उघडला. बीरो म्हणजे आमच्याकडचं लोखंडी कपाट. दार उघडताच पुस्तकं घसरली ती थेट तिच्या मांडीवर. किती होती? सोलापूरच्या मैत्रिणींना मी फोनवर चार हजार सांगितली. सहाशे असतील. पातळ, पिवळी पडलेली, वर्तमानपत्राच्या कागदावर छापलेली तमिळ कॉमिक्स. घोड्यावरचे पिस्तुलवाले, समुद्री चाचे, रेनकोट घातलेले हेर, आणि सगळे बोलणार शुद्ध, संध्या करून आल्यासारखं तमिळ.

आता यात बाहुल्या कुठून आल्या ते सांगते. तमिळमध्ये बोम्मै म्हणजे बाहुली, आणि बोम्मै म्हणजे चित्रही. कॉमिक्सला इथली वडीलधारी माणसं नाक मुरडून ‘बोम्मै पुस्तक’ म्हणतात. आमच्या घरात कुणीतरी, बहुधा आजोबांनी, ते मराठी करून घेतलं, आणि झालं ‘बाहुलीचं पुस्तक’. साडेतीनशे वर्षं तमिळ मुलखात राहून आम्ही घरात मराठी बोलतो, ‘अस्कीं’ म्हणतो तेव्हा आमचा अर्थ ‘सगळी’ असा असतो, धोतराला वेष्टी म्हणतो, आणि अशी भाषांतरं करून ती पिढ्यान्‌पिढ्या वापरतो. बँकेच्या बदलीवर मी तीन वर्षं सोलापूरला होते. चाळिशीत देवनागरी तिथंच शिकले. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी सांगितलं, माझा थोरला भाऊ बाहुलीची पुस्तकं वाचतो. शेजारच्या बाईंनी डब्याचं झाकण लावलं आणि हळूच विचारलं, “शिवणकाम करतात का ते?”

हसायला ठीक आहे. पण एक शब्द घरात पन्नास वर्षं राहिला की माणूस त्या शब्दाच्या मापाचा दिसायला लागतो. अण्णा पाटबंधारे खात्यात होता. मोपेडवरून कालव्याकालव्यानं फिरून पाण्याची उंची मोजायचा. धरणाचं पाणी सुटलं की आसपासच्या गावांतले शेतकरी आधी त्याला विचारायचे, मग देवाला. बाहेर तो ‘सार’, म्हणजे साहेब, होता. घरात शिरला, चपला काढल्या, की बाहुल्यांशी खेळणारा मुलगा. लग्न केलं नाही. एका सकाळी ऑफिसच्या जिन्यात दमल्यासारखा खाली बसला तो उठला नाही. यात मी काहीही वाढवलेलं नाही.

“लहानांचं लहानांना दे,” आत्यानं झोपाळ्यावरून निकाल दिला. “वीदीतल्या पोरांना बोलाव आणि वाटून टाक. तेवढंच त्याला पुण्य.”

अम्मानं मान हलवली. होय म्हणून की कसं, ते कळलं नाही. पण आत्याला नाही म्हणणं आमच्या घरात अजून कुणाला जमलेलं नाही, म्हणून मी दारात जाऊन पोरांना हाक मारली.

सात पोरं आली. मी सतरा सांगते, पण सातच. अम्मानं श्राद्धाचे उरलेले लाडू प्रत्येकाच्या हातावर ठेवले आणि पुस्तकांचा ढीग पुढं सरकवला. पोरांनी लाडू लगेच खाल्ले. पुस्तकांकडं मात्र ती अशी बघत राहिली, जशी आपण कुणाच्या घरी गेल्यावर त्यांच्या आजोबांच्या औषधांकडं बघतो. एका मुलीनं एक पुस्तक उचललं, आणि वरचं नाव अक्षर अक्षर जुळवून वाचायला लागली, कारण सगळी इंग्रजी शाळेतली. अर्ध्यात दमली. आतलं पान उघडलं.

“पाट्टी,” ती अम्माला म्हणाली, आजी म्हणतात तसं, “यात रंगच नाही. आणि केवढं लिहिलंय. हे अंकल लोकांचं पुस्तक आहे. आमचे पेरियप्पा वाचतात असलं. कुणाला हात लावू देत नाहीत.”

“तुला नक्को?” अम्मानं विचारलं.

“नक्को पाट्टी. अजून एक लाडू आहे का?”

पोरं गेली. सहाशे पुस्तकं होती तिथंच. आत्या म्हणाली, आजकालची पोरंच बिघडलीत, आणि झोपाळ्यावर आडवी होऊन घोरायला लागली. तिच्या घोरण्याबद्दल मी पुन्हा कधीतरी लिहीन, त्याला वेगळा कागद लागेल.

अम्मा मात्र बसल्या जागेवरून हलली नाही. मी पुस्तकं परत रचायला घेतली तर तिनं माझा हात धरला.

“लहानांचीं नव्हेत म्हणतात,” ती म्हणाली. “मग कोणाचीं?”

“मोठ्यांची असतील.”

“असतील म्हणू नको. नीट सांग. तू बँकेत आहेस, शिकलीस, परमुलखात राहून आलीस. हीं पुस्तकं लहानांचीं की मोठ्यांचीं?”

माझ्याकडं प्रत्येक प्रश्नाला एक गोष्ट तयार असते. पण त्या दिवशी तिनं ती ऐकूनही घेतली नसती, कारण तिला जे विचारायचं होतं ते हे नव्हतंच. मग तिनं ते सांगितलं, पुस्तकं पदरानं पुसत पुसत, माझ्याकडं न बघता.

अण्णा नऊ वर्षांचा असताना त्याला विषमज्वर झाला होता. एकवीस दिवस अंथरुणात. ताप उतरला तरी डॉक्टरांनी उठू द्यायचं नाही म्हणून बजावलं होतं, आणि तो तर वाऱ्यासारखा पळणारा. अम्मा जुन्या बसस्टँडवर गेली आणि तिथल्या टपरीवरून एक बोम्मै पुस्तक घेऊन आली. तो झोपून वाचायला लागला. दुसरं आणलं. तिसरं आणलं. एकवीस दिवस तो उठला नाही.

“उठला नाही तो नाहीच उठला,” अम्मा म्हणाली. “शरीरानं मोठा झाला, नोकरी केली, मला पोसलं. पण आत तो तिथंच राहिला, नऊ वर्षांचा, अंथरुणात. संसार नाही, मूल नाही. मीच नेऊन ठेवला त्याला तिथं. लहानांचं पुस्तक हातात दिलं, आणि काढून घ्यायला विसरले.”

म्हणून तिला निकाल हवा होता. पुस्तकं मोठ्यांची असतील तर तिचा मुलगा एक पुरुष म्हणून जगला आणि गेला. लहानांची असतील तर तिनं त्याला मोठं होऊ दिलं नाही. एवढं सोपं होतं ते, आणि तिच्या उरलेल्या दिवसांत तिला दुसरं काही जाणून घ्यायचं नव्हतं.

मी पुस्तकं पुन्हा रचायला लागले. निकाल न द्यायला मला एक खास कारण होतं, ते इथं लिहून टाकते.

अण्णा एकतीस वर्षांचा होता तेव्हा कुंभकोणहून एका घरची माणसं आली होती. आपल्याच लोकांतली, मराठी बोलणारी, मुलगी शिक्षिका. सगळं जुळत आलं होतं. कॉफी पिता पिता मुलीच्या वडिलांनी सहज विचारलं, मुलगा रिकाम्या वेळी काय करतो? अण्णा लाजून खाली बघत होता. मी सत्तावीस वर्षांची, जिभेला लगाम नाही, आणि समोर नवे श्रोते. मी म्हणाले, “त्याच्या बीरोत हजार जण राहतात मामा, सगळे कागदाचे. रात्री त्यांना खाली काढतो, जेवायला घालतो, आणि मोजून परत आत ठेवतो. एखादा कमी भरला तर रडतो.” सगळे हसले. मुलीचे वडीलही हसले. अण्णाही हसला, हे मी विसरलेली नाही.

आठवड्यानं पत्र आलं. मुलगा चांगला आहे, पण अजून लहान आहे असं वाटतं. घरात सगळे म्हणाले, बाहुल्यांच्या पुस्तकांनी घात केला. मी काही बोलले नाही. त्यानंतर कुणी स्थळाचं नाव काढलं की अण्णाच नको म्हणायचा. अम्माला हे आजही माहीत नाही. इथं लिहू शकते, कारण अम्माला तमिळ वाचता येतं, देवनागरी येत नाही.

*

दोन-तीन आठवड्यांनी तिरुवैयारूचे एक गृहस्थ आले. मृदंगाचे शिक्षक, अण्णाच्याच वयाचे, बोटं इतकी जाड की कॉफीचा पेला त्यात दिसेना. अण्णाचे मित्र म्हणाले. अण्णाला मित्र होता हीच आम्हाला बातमी. त्यांनी पिशवीतून एक कॉमिक काढलं आणि दोन्ही हातांनी अम्मापुढं धरलं.

“त्याचं आहे, मामी. माझ्याकडं राहिलं होतं.”

आम्हाला हळूहळू कळलं ते असं. ते सहा जण होते. एक पोस्टातला, एक दाताचा डॉक्टर, एक शाळेचा मुख्याध्यापक, एक खतांचा दुकानदार, हे मृदंगवाले आणि अण्णा. महिन्यातून एका रविवारी बसस्टँडजवळच्या एका कॉफीच्या हॉटेलात जमायचे, पुस्तकांची अदलाबदल करायचे, कुठल्या गोष्टीत कुठला घोडा पानापानाला काळ्याचा पांढरा होतोय यावर तासभर भांडायचे, आणि घरी जायचे. घरी प्रत्येकानं वेगळं कारण सांगितलेलं. मुख्याध्यापक म्हणे बायकोला सांगायचा, योगासनं शिकायला जातो.

अम्मा त्यांच्याशी तमिळमध्येच बोलत होती. तिनं सरळ विचारलं.

“तुम्हाला शिष्य आहेत. गाण्याच्या कचेरीत वाजवता. लोक पाया पडतात. तुम्ही हे का वाचता?”

शिक्षकांनी विचार केला. बोटं मांडीवर आपोआप चालायला लागली, त्यांना ते कळतही नसावं.

“सांगता येत नाही, मामी. मलाही कुणी असं विचारलं नाही कधी.”

“हे लहान मुलांचं आहे ना?”

“माझ्या मुलांना मी देऊन पाहिलं. त्यांना नको.” मग म्हणाले, “हे जे परत आणलं, ते त्यानं मला इस्पितळात दिलं होतं. माझी बायको आत होती. अकरा दिवस. मी बाहेर व्हरांड्यात. तो ऑफिस सुटलं की यायचा, शेजारी बसायचा, एक मला द्यायचा, एक स्वतः उघडायचा.”

अम्मा ताठ बसली. “त्यानं मला सांगितलं होतं, पाणी सुटलंय, कालव्यावर जावं लागतं. अकरा दिवस मी त्याला गार झालेलं रसम वाढलं.”

“हो. तो सांगायचा मला, अम्मा वाट बघत असेल म्हणून.”

“इस्पितळाच्या व्हरांड्यात बसून दोन पुरुष बोम्मै वाचत होते?”

“होय, मामी. वर्तमानपत्र वाचवत नव्हतं. त्यात गेलेल्यांचे फोटो असतात.”

“मग?”

“बाराव्या दिवशी ती गेली. डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं.”

“मग त्यानं काय केलं? काय म्हणाला तुम्हाला?”

“काही म्हणाला नाही. माझ्या हातातलं पुस्तक घेतलं, मी कुठवर आलो होतो त्या पानाचा कोपरा दुमडला, आणि परत माझ्या पिशवीत ठेवलं. मग गाडी ठरवायला गेला.”

कोपरा अजून दुमडलेला होता. अम्मानं त्यावरून बोट फिरवलं, पण उलगडला नाही. ते पुस्तक तिनं बीरोत ठेवलं नाही. स्वतःच्या उशीखाली ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळची कॉफी झाल्यावर, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आणलेलं मोठं भिंग घेऊन ती वाचायला बसली.

*

एकोणऐंशी वर्षांची माझी अम्मा कॉमिक वाचते, हे बघायला तंजावूर जिल्हा लोटला असं मी सांगते. प्रत्यक्षात बघायला मी होते आणि झोपाळ्यावर आत्या.

ती फार हळू वाचायची. एका पानाला अर्धा तास. भुवया आखडलेल्या, ओठ हलताहेत, मध्येच मागं जातेय, पुन्हा पुढं येतेय. दुपारी तिनं मला हाक मारली. आवाजात असं काही होतं की मी स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी धावत आले.

“बस,” ती म्हणाली. “हे ऐक. एक पोलीस खुर्चीत बसून कॉफी पितोय. मग खिडकीतून गोळी येते. मग त्याचा मित्र त्याला मांडीवर घेऊन रडतोय. रडतोय, रडतोय. ऐकतेयस?”

“ऐकतेय.”

“आता बघ. त्यानंतर तो पोलीस, तो मेलेला, खुर्चीत बसून विचारतो, ‘बाहेर कोण आहे?’”

ती माझ्याकडं बघत राहिली.

“रडून झाल्यावर,” ती म्हणाली. “मेलेला विचारतो, बाहेर कोण आहे. मग तो पुन्हा पडतो. आणि मित्र टोपी घालून घोड्यावर बसून निघून जातो. मी तीनदा वाचलं. रडणारा घरात आहे आणि मेलेला विचारतोय बाहेर कोण आहे. म्हणजे त्याच्या दृष्टीनं आपणच बाहेर आहोत. होय की नाही?”

मी पान बघितलं. सहा चौकोन होते. दोन-दोनच्या तीन ओळी. पहिला, कॉफी. त्याच्या शेजारी, ‘बाहेर कोण आहे?’ खालच्या ओळीत गोळी, शेजारी पोलीस कोसळतो. शेवटच्या ओळीत मित्र रडतो, शेजारी घोड्यावर निघतो. साधी सरळ गोष्ट. पण अम्मा पन्नास वर्षं तमिळ वर्तमानपत्र वाचत आली होती, आणि वर्तमानपत्रात डावीकडचा रकाना वरून खाली संपवायचा, मग उजवीकडच्या रकान्याच्या माथ्यावर जायचं. तिनं पान तसंच वाचलं होतं. डावे तीन चौकोन वरून खाली. मग उजवे तीन.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात ती म्हणाली,

“हे लहान पोरांना काय कळणार? मला एवढं वय होऊन कळायला अर्धा दिवस लागला. आणि तो असलीं सहाशे वाचून बसला होता. कुणाला बोलला नाही. कुणाला सांगणार? आम्ही बाहुल्या म्हणत होतो.”

तिच्या चेहऱ्यावर अभिमान होता. अण्णाच्या नावानं तो चेहरा मी याआधी एकदाच बघितला होता, त्याला नोकरी लागल्याचं पत्र आलं तेव्हा. मी तोंड मिटलं.

मी आयुष्यभर थापा मारत आले. माझ्या एका थापेनं माझा भाऊ एकटा राहिला. आणि आता एकदा खरं बोलायची वेळ आली, तर त्या खऱ्यानं त्याच्या आईचा मोठा झालेला मुलगा पुन्हा नऊ वर्षांचा होणार होता. मी म्हणाले, “होय अम्मा. अवघड आहे खरं.”

त्यानंतर ती रोज वाचायची. एक पुस्तक आठ दिवस, दहा दिवस. कामवाली, दूधवाला, गॅसवाला, जो दारात येईल त्याला सांगायची, माझा मुलगा फार अवघड पुस्तकं वाचायचा. आत्यालाही वाचून दाखवायला लागली. आत्या पहिल्या दिवशी म्हणाली, “हां, दाखव तुझ्या बाहुल्या.” दुसऱ्या दिवशी काही म्हणाली नाही. चौथ्या दिवशी जेवण होताच झोपाळ्यावरून तिचा आवाज आला, अख्ख्या वीदीला ऐकू जाईल असा, “अगो, कालचा मेलेला आज कुठं आहे?”

मृदंगाचे शिक्षक अधूनमधून येत. एकदा अम्मानं त्यांना एक पान समजावून सांगितलं. एक समुद्री चाचा आधी बुडतो, मग जहाज बांधतो, मग आईला भेटतो, असं काहीतरी. ते ऐकता ऐकता मांडीवरची बोटं थांबली. त्यांनी पानाकडं बघितलं, मग अम्माच्या बोटाकडं, जे वरून खाली सरकत होतं, मग माझ्याकडं. मी डोळ्यांनीच हात जोडले.

“मामी,” शेवटी ते म्हणाले, “आम्ही सहा जण इतकी वर्षं वाचतोय. असं आमच्या ध्यानात आलं नव्हतं.”

आणि ते खोटं नव्हतं.

*

वर्षश्राद्ध जवळ आलं. अम्मानं ठरवलं, त्या दिवशी भटजींच्या पंगतीनंतर ते पाच जण जेवायला यायचे. मुख्याध्यापक, डॉक्टर, सगळे. अण्णाचे म्हणून कुणी जेवायला बोलवावेत असे लोक तिला कधी मिळालेच नव्हते. काय काय करायचं याची यादी झाली, आत्यानं प्रत्येक पदार्थावर ओरडून घेतलं. मग अम्मा म्हणाली,

“जेवण झालं की त्यांना ते पान दाखवणार आहे. मेलेल्यानं विचारलं बाहेर कोण आहे, त्याला उत्तर काय मिळालं, ते पुढं कुठं येतं का, एवढं विचारायचंय. मला अजून सापडलं नाही. त्यांना ठावं असेल.”

मृदंगवाले गप्प राहिले असते. पण बाकीचे चार? घोड्याच्या रंगावरून तासभर भांडणारी माणसं ती. अम्मानं बोट वरून खाली नेलं की त्यातला कुणीतरी प्रेमानंच म्हणणार, अहो मामी, असं नाही, असं वाचायचं. भर पंगतीत, पाहुण्यांसमोर, आत्यासमोर. मग तिला त्या एका क्षणात कळणार की वर्षभर तिनं जे वाचलं ते पुस्तकात नव्हतंच. पुस्तकात पिस्तुलं होती आणि घोडे होते, नऊ वर्षांच्या मुलाला ताप उतरेपर्यंत पुरतील असे.

त्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. घरात, दोघींत.

आदल्या दिवशी दुपारी ती मागच्या पायरीवर घेवड्याच्या शेंगा निवडत बसली होती. आत्या आत झोपली होती. मी शेजारी बसले, चार शेंगा हातात घेतल्या, परत ठेवल्या. एरवी माझ्या तोंडातून वाक्यं ढकलाढकली करत बाहेर पडतात. त्या दिवशी एकेक हाताला धरून आणावं लागलं.

“अम्मा, एक सांगायचंय. ती पुस्तकं. ते चौकोन वरून खाली नाही वाचायचे. ते वर्तमानपत्रासारखं नसतं. डावीकडून उजवीकडं, आडवं वाचायचं, एकेक ओळ. पहिल्या दिवसापासून मला माहीत होतं. मी सांगितलं नाही.”

ती शेंगा निवडत राहिली.

“म्हणून तो मेलेला बोलतोय असं वाटतं,” मी म्हणाले. “तो आधी विचारतो बाहेर कोण आहे. मग गोळी येते. मग मरतो. मित्र रडतो आणि निघून जातो. एवढंच आहे त्यात.”

अम्मानं एका शेंगेची शीर टोकापासून टोकापर्यंत ओढून काढली आणि शेंग ताटलीत टाकली.

“ठावं आहे मला,” ती म्हणाली. “आडवंही वाचून बघितलं मी. तसं वाचलं तर फार सोपं होतंय.”